मंगोल म्हणजे नक्की कोण? (चंगीझखानापासून सुरुवात, पुढे जाईल तिकडे)

वेताळटेकडी (धागालेखक)

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अधूनमधून एक यादी फिरते: चंगीझखान, तैमूर, बाबर, औरंगजेब. चौघांना एका माळेत ओवलेलं. पहिला मणी या माळेतला नव्हेच, असं म्हटलं की लगेच 'मग नावात खान कसं?' तिथे उत्तर लिहून उपयोग नसतो. इथले लोक निदान भांडण्यासाठी का होईना, पूर्ण वाचतात. म्हणून हा धागा.

खान ही स्टेपीच्या गवताळ प्रदेशातली राजाची पदवी. इस्लामचा जन्म व्हायच्या आधीपासून ती तिकडे चालू होती. मध्य आशियातल्या तुर्कांबरोबर ती आपल्याकडे आली आणि यथावकाश आडनाव झाली. चंगीझखानाचं मूळ नाव तेमुजिन. तो आभाळाला भजायचा. 'मोंख तेंगेर', म्हणजे सनातन आभाळ, हे त्याचं दैवत. दुसरं दैवत बुरखान खाल्दुन हा डोंगर. मर्कित नावाच्या शत्रुटोळीने हल्ला केला तेव्हा तेमुजिन याच डोंगरात लपून वाचला. खाली उतरल्यावर त्याने कमरपट्टा गळ्यात अडकवला, टोपी हातात घेतली, छाती बडवली आणि सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा गुडघे टेकले. हे वर्णन मंगोलांच्या स्वतःच्या 'गुप्त इतिहासा'तलं आहे, शत्रूच्या बखरीतलं नाही.

आता मूळ मुद्दा. १२०६ च्या आधी मंगोल ही अनेक टोळ्यांमधली एक टोळी होती, तीही फारशी बलाढ्य नाही. केराइत, नायमान, मर्कित, तातार हे सगळे वेगळे आणि आपापसात हाडवैरी. केराइतांमधले बरेचजण ख्रिस्ती होते, पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाचे. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिन चंगीझखान झाला. त्याने टोळ्या मोडून माणसं दहा, शंभर, हजार अशा पथकांत वाटली. केराइताच्या शेजारी नायमान, त्याच्या शेजारी मर्कित. एक-दोन पिढ्यांत सगळे मंगोल. मावळा हा आधी मावळ खोऱ्यातला माणूस होता, पुढे महाराजांच्या फौजेतला कुणीही मावळा झाला, तसंच काहीसं.

म्हणून माझं म्हणणं असं की मंगोल ही ओळख धर्मावर उभी नाही, आणि पूर्णपणे भाषेवरही नाही. ती उभी आहे राज्यावर आणि वंशावळीवर. राज्यं फुटत गेली, सरहद्दी पडत गेल्या, तसे लोक या ओळखीच्या आत आले किंवा बाहेर पडले. तीन नमुने बघा.

चीनच्या गान्सू प्रांतात दोंगशियांग नावाचे लोक आहेत, सहा लाखांहून जास्त. त्यांची भाषा मंगोल कुळातली, धर्म इस्लाम. चिनी सरकारच्या यादीत ते मंगोल नाहीत, स्वतंत्र जमात आहेत.

युन्नानमध्ये तोंगहाय जवळ एका गावात काही हजार लोक राहतात. चंगीझखानाचा नातू कुबलाई याच्या फौजेबरोबर तेराव्या शतकात आलेल्या शिपायांचे वंशज. बोलतात ती भाषा शेजारच्या यी लोकांच्या भाषेच्या कुळातली. घोडे गेले, तंबू गेले, भातशेती आली. सरकारदरबारी ते मंगोल आहेत आणि स्वतःलाही मंगोलच म्हणवतात.

तिसरे तुवा. सायबेरियाच्या दक्षिणेला राहतात, तिबेटी परंपरेचे बौद्ध आहेत, तंबूत राहायचे, घशातून एकाच वेळी दोन सूर काढून गातात. बाहेरच्या माणसाला मंगोलच वाटतील. पण त्यांची भाषा तुर्की कुळातली आहे आणि ते स्वतःला मंगोल म्हणत नाहीत.

आता 'मंगोल म्हणजे मंगोल भाषा बोलणारे बौद्ध' ही व्याख्या या तिघांना लावून बघा.

---

गवतीचहा

वाचनखूण साठवली. प्रश्न बाळबोध आहे, पण मुघल हा शब्द मंगोलवरूनच आला ना? मग बाबर मंगोल नाही तर कोण?

---

कोकणकडा

गवतीचहाताई, प्रश्न बाळबोध नाही. शब्द तिथूनच आला, फारसीतून. बाबर आईकडून चंगीझखानाचा वंशज, त्याच्या दुसऱ्या मुलाच्या म्हणजे चगताईच्या शाखेतला. बापाकडून तैमूरचा. तैमूर बारलास टोळीचा. ही टोळी मूळची मंगोल, पण तैमूरच्या काळापर्यंत भाषेने तुर्की आणि धर्माने मुसलमान झालेली. बाबराने आत्मचरित्र लिहिलं तेही चगताई तुर्कीत. गंमत अशी की त्यात तो मोगलांना लुटारू आणि बेभरवशाचे म्हणून शिव्या घालतो. त्याच्या लेखी मोगल म्हणजे आईकडच्या मामेमंडळींच्या टोळ्या. स्वतःला तो तैमूरी समजायचा.

दिल्लीतलं हे घराणं स्वतःला 'गुरकानी' म्हणवायचं. मंगोल भाषेतल्या जावयासाठीच्या शब्दावरून हे आलं. तैमूर चंगीझखानाच्या वंशातला नव्हता, त्यामुळे त्याला स्वतःला खान म्हणवता येईना. मग त्याने त्या वंशातली राजकन्या केली आणि 'राजघराण्याचा जावई' ही पदवी मिरवली. धागालेखकांच्या वंशावळीच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको. दीडशे वर्षांनंतर, मुसलमान झालेल्या, तुर्की बोलणाऱ्या माणसालाही चंगीझखानाच्या घरची सोयरीक लागत होती.

---

बीबीकामकबरा

अवांतर: आमच्या मराठवाड्यात जुनी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायची. निजामाचा मूळपुरुष बादशहाचा सुभेदार, म्हणून मोगलाई. ओनोन नदीवरचं नाव गोदावरीपर्यंत आलं आणि इथे आल्यावर त्यात मंगोल काहीच उरलं नव्हतं.

---

ढगफुटी

सगळं ठीक. पण मंगोल बौद्ध होते ना? मग बगदादला लाखो माणसं कापली तेव्हा अहिंसा कुठे गेली होती? की बौद्धांनी इस्लामवर उगवलेला सूड म्हणायचा?

---

वेताळटेकडी (धागालेखक)

ढगफुटी, दोन्ही नाही. १२५८ मध्ये बगदाद पाडणारा, चंगीझखानाचा नातू हुलागू बौद्धांकडे झुकलेला होता, पण त्याची पट्टराणी दोकुझ खातून ख्रिस्ती होती आणि फौजेत मुसलमान तुकड्याही होत्या. बगदादमधल्या ख्रिश्चनांना अभय मिळालं ते या राणीमुळे. चारच वर्षांनी हुलागूवर चालून गेला तो त्याचा सख्खा चुलतभाऊ बर्के. तो मुसलमान झालेला होता. बगदाद पडल्यावर मंगोलांनी तिथल्या खलिफाला मारलं, त्या हत्येचा राग हे एक कारण झालं, पण अझरबैजानची कुरणं कुणाची हा तंटाही तितकाच खरा होता.

खलिफाला मारलं कसं, त्यात मात्र धर्म दिसतो. बहुतेक वृत्तांतांनुसार त्याला गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं. राजरक्त जमिनीवर सांडू नये हा मंगोलांचा दंडक होता. स्वतःच्या बंडखोर राजपुत्रांनाही ते रक्त न सांडता मारत. म्हणजे त्यांच्या हिशोबाने तो खलिफाचा मान होता.

आणि बौद्ध म्हणाल तर बहुसंख्य मंगोल तोवर बौद्ध झालेच नव्हते. ते फार पुढचं प्रकरण आहे. वेळ मिळाला की लिहितो.

---

उंटावरचा_शहाणा

रक्ताचा विषय निघालाच आहे तर. मी उन्हाळ्यात मंगोलियात भटकून आलोय, आठवडाभर एका पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये होतो (गेर म्हणजे त्यांचा गोल तंबू, युर्त हा रशियनांनी रूढ केलेला शब्द). यजमानाने आमच्यासाठी मेंढी कापली. मेंढीला उताणं धरलं, छातीखाली चार बोटं जाईल एवढीच चीर दिली, हात आत घातला आणि बोटांनी मुख्य धमनी तोडली. मिनिटभरात संपलं. बाहेर गवतावर रक्ताचा थेंब नाही. रक्त आत छातीच्या पोकळीत साठलं, ते ओगराळ्याने काढून घरच्या बाईने आतड्यांत भरलं. आठशे वर्षांपूर्वी हलाल की मंगोल पद्धत यावरून साम्राज्यात खून पडले, कुबलाईने १२८० च्या सुमारास हलालवर बंदी घातली होती, हे वाचलं होतं. पण एवढीशी चीर बघेपर्यंत दोन पद्धती एकमेकींच्या किती उलट आहेत ते डोक्यात शिरलं नव्हतं.

सकाळचं दुसरं. चहा झाला (दूध, मीठ, चहापत्तीचा चुरा, साखर मागू नका, हसतात) की पहिला डाव माणसांसाठी नाही. घरातली बाई तो बाहेर नेते आणि लाकडी पळीने चारी दिशांना आभाळाकडे उडवते. त्या पळीला नऊ खळगे असतात. आत गेरच्या उत्तरेच्या बाजूला पेटीवर बुद्धाची तसबीर, दलाई लामांचा फोटो, त्यावर निळी खादग (रेशमी उपरणं). यजमानाला विचारलं, तुमचा धर्म कोणता? म्हणाला, बौद्ध. मग चहा कुणाला? म्हणाला, आभाळाला. दोन्ही उत्तरं देताना तो जराही अडखळला नाही.

शाकाहारी मंडळींनी सोबत थेपले न्या. बास.

---

पंचांगवाले

शहाणेबुवा, फोटो टाका की.

माझ्याकडून एक भर. मंगोल भाषेत ग्रहांची नावं बुद, सुगर, अंगारग, बर्हसबद, सांचिर अशी आहेत. ओळखीची वाटली ना? ही जुनी, संस्कृतातून उइगुरांमार्फत पोचलेली. वारांची नावं मात्र तिबेटी: दावा, म्यागमार, ल्हाग्वा, पुरेव, बासान, ब्याम्बा, न्याम. पोर ज्या वारी जन्मलं तो वार त्याचं नाव, ही पद्धत तिकडे अजून सर्रास आहे. म्हणजे बौद्ध धर्माच्या दोन लाटा एकाच पंचांगात शेजारीशेजारी बसल्यात.

---

वेताळटेकडी (धागालेखक)

पंचांगवाल्यांनी माझं काम सोपं केलं. धर्माची गोष्ट लाटांचीच आहे.

पहिली लाट दरबारी होती. १२५४ मध्ये मंगोलांच्या राजधानीला, कराकोरमला गेलेला फ्रान्सिस्कन पाद्री विल्यम रुब्रुक लिहितो की शहरात मूर्तिपूजकांची बारा देवळं, दोन मशिदी आणि एक चर्च आहे. तेव्हाच्या सम्राटाने, मोंगके खानाने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांचा वादविवाद भरवला होता, त्यात रुब्रुक स्वतः बोलला. खान त्याला म्हणाला, देवाने हाताला जशी वेगवेगळी बोटं दिली तसे माणसांना वेगवेगळे मार्ग दिले. पुष्कळ लोक याला सहिष्णुता म्हणतात. मला यात व्यवहार जास्त दिसतो. सगळ्या धर्मांच्या पुरोहितांना करमाफी होती, त्या बदल्यात सगळ्यांनी आपापल्या देवाकडे खानासाठी आयुष्य मागायचं. एक देव चुकला तर दुसरा आहे.

पुढे प्रत्येक शाखा जिथे राज्य करत होती तिथल्या रयतेकडे सरकली. इराणात गाझान १२९५ मध्ये मुसलमान झाला, व्होल्गाकाठी उझबेग खान १३१३ मध्ये गादीवर आला आणि त्याने इस्लाम राजधर्म केला. चीनमध्ये कुबलाई तिबेटी लामा फाग्स्पाचा शिष्य झाला. १३६८ मध्ये चीन हातचा गेला आणि राजघराणं गवताळ प्रदेशात परतलं, तेव्हा हा दरबारी बौद्ध धर्म बराचसा ओसरला.

दुसरी लाट १५७८ ची. तुमेद या मंगोल टोळीचा अल्तान खान आणि तिबेटी लामा सोनाम ग्यात्सो यांची भेट झाली, खानाने त्याला 'दलाई लामा' ही पदवी दिली. 'दलाई' हा शब्दच मंगोल आहे, समुद्र. त्याच्या पुढचा दलाई लामा अल्तान खानाच्याच घराण्यात जन्मला, हा योगायोग समजायचा तर समजा! मला तो सौदा वाटतो. अल्तान खान चंगीझखानाच्या वंशातला होता, पण थोरल्या पातीचा नव्हता. त्याला वंशावळीबाहेरची मान्यता हवी होती, लामाला तलवार हवी होती. साधा पशुपालक बौद्ध झाला तो या लाटेत. आभाळ, डोंगर, ओवो (पूजेचे दगडांचे ढीग) यांना लामांनी हाकललं नाही, त्यांच्यासाठी मंत्र रचून दिले. शहाणेबुवांच्या यजमानाचं उत्तर तिथून आलंय.

---

रेशीमवाट

आणि तिसरी लाट? समाजवादाची? ती गाळू नका.

१९३७ ते १९३९ या दोन-अडीच वर्षांत मंगोलियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चोयबाल्सान याच्या सरकारने, मॉस्कोच्या इशाऱ्यावर, तीस हजारांच्या आसपास माणसं मारली. देशाची लोकसंख्या तेव्हा सात-आठ लाख. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त लामा. सातशेच्या वर विहार पाडले. राजधानी उलानबातरचा गंदान विहार १९४४ मध्ये पुन्हा उघडला तो देखाव्यापुरता. तिथली अवलोकितेश्वराची जुनी मूर्ती रशियनांनी नेली होती, आज दिसते ती साडेसव्वीस मीटरची मूर्ती १९९६ ची आहे, लोकवर्गणीतून उभी केलेली.

१९९० मध्ये राजवट गेली तेव्हा तिथे भारताचे राजदूत होते लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे, स्वतः मोठे लामा. दहा वर्षं राहिले. विहार पुन्हा उघडायला, तरुणांना दीक्षा द्यायला राजदूत स्वतः बसायचा, असं उदाहरण आपल्या परराष्ट्र खात्यात दुसरं नसेल.

तरी २०२० च्या जनगणनेत तिथले निम्म्याहून थोडे जास्त लोक स्वतःला बौद्ध म्हणतात आणि ४० टक्के म्हणतात आम्हाला धर्म नाही. हे ४० टक्केही मंगोलच आहेत.

---

ढगफुटी

मान्य. पण मग वंशावळीचं काय? कम्युनिस्टांनी ती ठेवली?

---

रेशीमवाट

नाही ठेवली. कुळनावं १९२० च्या दशकात बंद केली. सरदार घराणी संपवायची होती. लोक बापाचं नाव आणि स्वतःचं नाव एवढंच लावायचे. सत्तर वर्षांत बहुतेकांना आपलं कूळ आठवेना. नव्वदीत सरकारने सांगितलं, कुळनाव लावा. मग काय, देशभर लोकांनी 'बोर्जिगिन' निवडलं, चंगीझखानाचं कूळ. देशातला पहिला अंतराळवीर गुर्राग्चा (१९८१ मध्ये सोव्हिएत यानातून गेलेला) याने मात्र 'सान्सार' हे कुळनाव घेतलं. म्हणजे अवकाश. आपला 'संसार' तिकडे जाऊन एवढा मोठा झाला.

---

लेखणीबहाद्दर

लिपीवर कुणीच बोललं नाही अजून. १२०४ मध्ये नायमानांचा पाडाव झाला तेव्हा त्यांचा उइगुर कारभारी हाती लागला, त्याच्याकडून चंगीझखानाने आपल्या मुलांना लिपी शिकवली. वरून खाली लिहायची, ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. नंतर कुबलाईने फाग्स्पाकडून चौकोनी लिपी करवून घेतली (१२६९), झाया पंडिताने १६४८ मध्ये ओइरातांसाठी (पश्चिम मंगोल) 'स्पष्ट लिपी' केली, झानाबझारने १६८६ मध्ये भारतीय धर्तीची सोयोंबो. तिचं एक चिन्ह आज मंगोलियाच्या झेंड्यावर आहे. टिकली ती जुनी उभीच.

१९४० च्या दशकात मंगोलियाने रशियन लिपी घेतली. चीनमधल्या आतल्या मंगोलियाने उभी लिपी सोडली नाही. चिनी नोटेवर आजही ती छापलेली असते. म्हणजे स्वतंत्र देशातल्या मंगोलाला पूर्वजांचा शिलालेख वाचता येईना आणि परक्या राज्यातल्या मंगोलाला येतो, अशी ऐंशी वर्षं गेली.

---

वेताळटेकडी (धागालेखक)

आणि आता उलटी गंगा. २०२० च्या सप्टेंबरात चीनने आतल्या मंगोलियातल्या मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा, राजकारण, इतिहास हे विषय टप्प्याटप्प्याने चिनीतून शिकवायला सुरुवात केली. आईबापांनी पोरं शाळेत पाठवली नाहीत, हजारोंनी निदर्शनं झाली, धरपकड झाली. इकडे मंगोलियाने १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागदपत्रं दोन्ही लिप्यांत काढायचं ठरवलं.

आकडेही बघा. मंगोलियाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख, त्यातही पश्चिमेला बायान-उल्गी प्रांतात मुसलमान कझाक. चीनमध्ये मंगोल म्हणून नोंदलेले लोक २०२० च्या जनगणनेत ६२ लाखांवर. त्यातल्या कित्येकांना मंगोल बोलता येत नाही. मिश्र लग्नातल्या मुलांची नोंद मंगोल अशी करायचा कल होता, कारण विद्यापीठ प्रवेशात सवलत. दाखल्याची किंमत आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको.

मला या लोकांना 'खोटे मंगोल' म्हणणारे आवडत नाहीत. उलानबातरमध्ये असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आतल्या मंगोलियातून आलेल्या विद्यार्थ्याला ते सरळ चिनी म्हणतात. ज्याने लिपी टिकवली, त्याला.

---

गवतीचहा

हजारा लोकांचं काय? पुण्यात एम.ए.ला माझ्या वर्गात अफगाणिस्तानातून आलेला एक हजारा मुलगा होता. चेहऱ्यावरून सगळे त्याला ईशान्येकडचा समजायचे. तो म्हणायचा आम्ही चंगीझखानाची माणसं.

---

कोकणकडा

हजारांची बोली फारसी आहे, त्यात मंगोल आणि तुर्की शब्द भरपूर. धर्म बहुतांशी शिया. फारसीत 'हजार' म्हणजे हजारच, आणि मंगोल फौजेचं मोठं पथक हजाराचं असायचं, तिथून हे नाव आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रक्त मिश्र आहे. तुमच्या वर्गमित्राचा दावा पोकळ नाही. पण अफगाणिस्तानात हा दावा त्यांच्या अंगावर उलटला, परके म्हणून आणि शिया म्हणून दोन्हीकडून मार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमीर अब्दुर रहमानने त्यांची कत्तल केली, जमिनी पख्तुनांना वाटल्या. तालिबानचं तर माहीतच आहे.

---

उंटावरचा_शहाणा

फोटो टाकले आहेत, मेंढीचे सोडून.

कुणीतरी काल्मिकांवर लिहा. युरोपात बौद्ध बहुसंख्य असलेला एकमेव प्रदेश, कॅस्पियनच्या बाजूला.

---

रेशीमवाट

थोडक्यात लिहिते. काल्मिक हे ओइरात, म्हणजे पश्चिम मंगोल. सतराव्या शतकात कुरणं शोधत व्होल्गापर्यंत गेले. रशियाचा जाच वाढला तेव्हा १७७१ च्या जानेवारीत उबाशी खान बहुसंख्य लोकांना घेऊन जुन्या मुलखाकडे परत निघाला. दीड लाखाहून जास्त माणसं निघाली, वाटेत कझाकांचे हल्ले, भूक, थंडी, निम्मीही पोचली नाहीत. त्या वर्षी व्होल्गा नीट गोठली नाही, त्यामुळे पश्चिम काठावरच्यांना नदी ओलांडता आली नाही. आजचे काल्मिक त्यांचे वंशज. १९४३ च्या डिसेंबरात स्टालिनने त्यांना गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियात पाठवलं, १९५७ मध्ये परत येऊ दिलं. भाषा तिथेच तुटली, आता म्हातारीकोतारी बोलतात. त्यांच्या राजधानीत, एलिस्तात २००५ मध्ये मोठं बुद्धमंदिर बांधलं, त्याला गर्दी असते.

धागालेखक, तुमच्या व्याख्येत हे कुठे बसतात? राज्य नाही, भाषा जवळजवळ गेली, चंगीझखानाच्या वंशाशी ओइरातांचं कायम वाकडं. उरतो तो धर्मच.

---

वेताळटेकडी (धागालेखक)

रेशीमवाट, इथे माझी व्याख्या लागू पडत नाही, आणि ताणून लावणारही नाही. राज्य हातातून गेलं तिथे धर्मानेच धरून ठेवलं हे उघड आहे. बैकलकाठच्या बुर्यातांमध्ये मात्र तेही नाही: पूर्वेकडचे बौद्ध, पश्चिमेकडच्यांत शामानांना मानणारे आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, तरी दोघे बुर्यात. त्यांच्याबद्दल कुणी तिकडे राहिलेलं असेल तर लिहा. आमच्या ग्रुपवर धाग्याची लिंक टाकली आहे. दोन अंगठे आले आणि एकाने विचारलंय, 'म्हणजे कुबलाईखान मुसलमान होता का?'